आंधळी दुनाळी

१

चंपतराव पटवारी स्वतःच्याच कापसात पालथा पडला होता, आणि त्याच्यापासून दहा पावलांवर एक दुनाळी बंदूक. सकाळी वेचणीला गेलेल्या बायांनी ते पाहिलं आणि अशी बोंब ठोकली की पैनगंगेवर धुणं धुणाऱ्या बाया ओल्या लुगड्यांनिशी धावत आल्या. साल छप्पनचं. दसरा होऊन आठ दिवसही झाले नव्हते. पहिल्या नोव्हेंबरला हैदराबाद राज्य मोडणार, तांबडी गाव आंध्रात जाणार आणि नदीपलीकडचे सोयरे मुंबई राज्यात, याच्याशिवाय गावाला दुसरा विषय नव्हता. आता मात्र सगळ्यांची दातखीळ बसली.

आदिलाबादहून अमीन साहेब आले. निजाम गेला, पण फौजदाराला अमीन म्हणायची सवय काही गेली नाही. त्यांनी बंदूक उलटीसुलटी करून पाहिली. नळ्यांवर नाव नाही, घोडे चालवणाऱ्या कळीवर नंबर नाही, दस्त्यावर काही नाही. कारखान्याच्या बंदुकीवर नाव कोरलेलं असतंच असतं. ही साफ कोरी.

"बेनाम म्हणजे देशी," अमीन म्हणाले. "इथं हे काम कोणाला जमतं?"

 मग सुधाकरराव पाटील पुढे झाले. गावातला सगळ्यात मोठा खातेदार, शब्दाला वजन असलेला माणूस. आवाजही कसा, मयताला शोभेल असा हळू.

"लोहार एकच हाय साहेब. डोमाजी. गरीब माणूस, मले तर वाईट वाटते. पण अठ्ठेचाळीसच्या गडबडीत त्यानं निजामाशी लढणाऱ्या कॅम्पवाल्या पोरांसाठी बंदुक ठोकली होती म्हणे. मी नाई पाह्यली. लोक बोलतात."

झालं! डोमाजी त्या दिवशी पहाटेच कोळशासाठी रानात गेलेला, एकटा. साक्ष कोण देणार, सागाची झाडं? त्यात महिन्याआधी भट्टीच्या जागेवरून पटवाऱ्याशी त्याची जुंपली होती, तीही भर चावडीत. शिपायांनी त्याला दोरानं बांधून चावडीच्या लिंबाखाली बसवलं. चार वाजता मोटार त्याला घेऊन आदिलाबादला जाणार होती, आणि पुढे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. खुनाला फाशी.

डोमाजीची बायको भागाबाई भट्टीच्या दारात उभी होती, पदराचा बोळा तोंडात धरून. नवऱ्यानं खून केला नाही हे तिला पक्कं माहीत होतं. तरी ती भट्टीचं दार सोडत नव्हती, आणि त्याला कारण होतं. भट्टीत ऐरणीच्या लाकडी ठोकळ्याखाली, हातभर खोल, गोणपाटात गुंडाळलेली एक दुनाळी पुरलेली होती. डोमाजीच्या हातची.

२

दुपारी भट्टीत एक म्हातारा आला. काडीसारखे पाय, जाड भिंगांचा चष्मा, बगलेत भलं मोठं रजिस्टर. निर्मलचे नागोराव, जिल्ह्याच्या हत्यारांच्या दप्तराचे कारकून. जिल्हा मोडतोय तर कोणती बंदूक कोणत्या राज्यात जाते याची यादी करत ते गावोगाव फिरत होते. अमीननं त्यांना अर्ध्या रस्त्यातून उचलून आणलं होतं.

"बाई, शिकंजा हाय ना तुह्याकडं? बंदुक खोलून पाहाची हाय," म्हणत म्हातारा आत आला आणि ऐरणीच्या ठोकळ्यावरच टेकला.

आता माय!  म्हाताऱ्याचे पाय हलले की शेणानं सारवलेली जमीन खरडली जायची, आणि भागाबाईची नजर तिकडेच जायची.

अमीन, पाटील आणि मेलेल्या पटवाऱ्याचा धाकटा भाऊ महिपत मागोमाग आले. बंदूक पुढे आली तसा नागोरावांनी दोन्ही कानांत बोटं घातली.

"भरलेली नाही हो," अमीन वैतागले.

"तीस वर्सं बंदुका मोजून राह्यलो साहेब, पण आवाजाची भीती काई गेली नाई. आधी पाहून घ्या."

खात्री झाल्यावर मात्र म्हाताऱ्याचे हात बदलले. खालचं लाकूड काढलं, नळ्या वेगळ्या केल्या. मग भागाबाईकडून लिंबू मागून नळ्यांच्या बुडाला चोळलं. काळं लोखंड उजळलं, आणि त्यात बारीक ओरखडे दिसू लागले, एकाच दिशेनं गेलेले.

"कानस मारेल हाय. अथी ठसा होता. वरतंही नाव होतं, तेही घासलं."

"म्हणजे विलायती?"

"मले तसंच वाटते. पण कोणाची बनावट, हे कळीच्या आत पाह्यल्याबिगर नाई सांगता येत. आतल्या तुकड्यांवर कारागीर खूण ठोकतेत. अन कळीचे स्क्रू पाहा. कोणंतरी त्याच्या खाचा हातोडीनं बुजवल्या. कोणी खोलू नये म्हणून."

"मग? तुमच्या रजिस्टरात शोधा."

"माहं दप्तर बनावटीच्या नावानं लावलेलं हाय साहेब. सव्वादोनशे दुनाळ्या. बनावट नाई समजली त कोणतं पान उघडू?"

पाटलांनी कमरेची डबी काढली. तंबाखू उजव्या तळहातावर घेतली, डाव्या अंगठ्यानं चुना लावून चांगली मळली, टाळी देऊन फुंकली आणि चिमूट उजव्या हातानं अमीनपुढे धरली. "साहेब, कानस कोणाच्या घरी असते? शेतकऱ्याच्या का लोहाराच्या? आपली बनावट लपवाले यानंच घासलं असन."

अमीननं मान डोलावली. नागोरावांनी बंदूक पुन्हा जोडली आणि महिपतच्या हाती दिली. "तू भावासंग शिकारीले जात होता म्हणे. खांद्याले लावून पाह्य बरं."

महिपतचे डोळे रडून सुजले होते. त्यानं ती उजव्या खांद्याला लावली आणि लगेच खाली घेतली. "गालाले टोचून राह्यली. अन नळी पाह्यते तिसरीकडंच."

"भावासंग भांडण होतं का तुहं?"

"होतं. खोटं काऊन बोलू? त्याले म्हणलं, त्या विधवा बयनाबाईचं नदीकाठचं रान कोण वाहून राह्यलं ते साऱ्या गावाले माहीत हाय, तू काऊन मधात पडतं? तो म्हणे, दप्तर नव्या राज्यात जाते, त मी तिचं रान तिच्याच नावानं पाठवतो. लय हट्टी होता माहा भाऊ." आणि तो तिथेच हुंदके देऊ लागला. पाटलांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"पाटील, तुमीबी पाह्यता का लावून?" नागोरावांनी विचारलं. "तुमी त वाघ मारेल माणूस."

पाटलांनी बंदूक उजव्या खांद्याला लावली, थोडी जास्तच वेळ धरली, आणि परत दिली. "चांगली हाय की. झकास बसते. मले त काई टोचलं नाई."

नागोरावांनी चष्मा पुसला. अमीननं घड्याळ पाहिलं.

"नागोराव, तुमचा खेळ पुरे. चारला मोटार निघेल. त्याआधी शिपाई हे घर खणून काढतील. भट्टीपासून सुरुवात करा."

३

शिपाई कुदळी आणायला चावडीवर गेले. बाकीचेही निघून गेले. भट्टीत राहिले नागोराव आणि भागाबाई.

ती कोपऱ्यात मटकन बसली.  खणलं की बंदूक निघणार. बंदूक निघाली की संपलंच सगळं. मग डोमाजी देवाची शपथ घेऊन सांगेना का, कोण ऐकतो!

म्हातारा भिंतीवरचे विळे पाहत फिरत होता. एक काढून त्यानं डोळ्याजवळ धरला. मग दुसरा. मग कुऱ्हाड, खुरपं, पाटाळी. सगळ्यांवर एकच खूण. तीन ठिपके आणि वर आडवी रेघ.

"हे काय व बाई?"

"आमच्या घरची खूण हाय मामा." भागाबाई म्हणाली. "हंगामाले साऱ्या गावाचे विळे शेवटायले, धार लावाले येतेत. आमच्या हातचा कोणता, पलीकडच्या गावचा कोणता, ते खुणेवरून समजते. बिनखुणेचं हत्यार आमी घराबाहेर जाऊ देत नाई. आंधळं म्हणतेत त्याले. आंधळं हत्यार ज्याच्या हाती जाते त्याचंच रगत काढते, अशी माह्या सासूची शिकवण."

"डोमाजी ठोकते खूण?"

"नाई. ते सांडशीत धरतेत, अन शेवटचा घाव माहा. घरच्या बाईनं मारा लागते. लगन झालं तवापासून मीच मारून राह्यली."

नागोराव तिच्यासमोर उकिडवे बसले. आवाज एकदम खाली आला. "अन कानस? घरची कानस कोणी नेली होती का यवढ्यात?"

भागाबाईला आठवलं. "पोळ्याले. सुधाकरराव पाटलानं नेली होती. बैलाचे शिंगं साळायले म्हणे. मले तवाच नवल वाटलं. गडी नाई पाठवला, सोता आले. सोताच आणून देली. ते पाहा, खुटीवर हाय. धार पार मेली, मामा! शिंग घासून कानस मरते का? शिंगाचा त भुसा पडते. हे रडले होते त्या कानशीसाठी. दसऱ्याले नवी घ्या लागली."

"हे अमीनले सांगशीन?"

"लोहाराची बायको सांगन अन पाटील नाई म्हणन. कोणाचं ऐकतीन?"

म्हातारा खरं तेच बोलला. "माहंही नाई ऐकत. अमीनच्या डोक्यात एकच बसलं हाय, का बेनाम बंदुक म्हणजे डोमाजीची. ते निघाल्याबिगर तो कळ खोलू देत नाई. अन कळ खोलाले मले डोमाजीचेच हात पायजेत. ते डोक्यातलं कसं निघन? डोमाजीनं बनवलेली दुसरी एखादी बंदुक असती, त ताडून दाखवलं असतं."

भागाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. म्हातारा तिच्याकडे पाहत नव्हता. तो ऐरणीच्या ठोकळ्याकडे पाहत होता, जिथे सारवण बाकी जमिनीहून ताजं होतं.

"मी सरकारी माणूस हाय बाई," तो म्हणाला. "मले दिसलं त लिहा लागते. नाई दिसलं त नाई. पण कुदळी येऊन राह्यल्या. शिपायानं काढली त ती चोरीची. तू काढली त तुही साक्ष. मी काई जबरदस्ती करत नाई. मलेच भेव लागून राह्यलं."

बाहेर शिपायांच्या वहाणा वाजल्या.

अठ्ठेचाळीस साली कॅम्पाच्या पोरांनी बंदूक मागितली तेव्हा याच भट्टीत भागाबाईनं नवऱ्याचे पाय धरले होते. बनवायची तर बनवा, पण खूण नका ठोकू. सापडली तर खुणेवरून आपल्याला टांगतील! डोमाजीनं ऐकलं नव्हतं. "आंधळी जाऊ देऊ? माह्या बापानं कधी देली नाई," म्हणाला आणि सांडशी पुढे केली. तिनं डोळे मिटून घाव मारला होता. बंदूक द्यायच्या आधीच पोलिस ॲक्शन झालं, कॅम्प उठला, आणि बिनपरवान्याची हत्यारं सापडलेल्यांची हाडं मोडलेली पाहून दोघांनी ती पुरून टाकली. आठ वर्षं भागाबाई त्या ठोकळ्याकडे पाहून झोपत होती. झोपत कसली, जागतच होती.

भागाबाई उठली. कोपऱ्यातली पहार घेतली.

४

"साहेबाले बोलवा!" तिनं दारातल्या शिपायाला ओरडून सांगितलं. "माह्या घरवाल्यालेही आणा. अन पाटलाले, अन महिपतले. साऱ्यायले."

सगळे आले. डोमाजीनं बायकोच्या हातात पहार पाहिली आणि तो पांढराफटक पडला. "भागे, नको!"

तिनं ऐकलं नाही. ठोकळा कलंडला, माती निघाली, गोणपाट निघालं. दुनाळी तिनं दोन्ही हातांनी अमीनच्या पायांशी ठेवली. लोखंड दगडावर वाजलं. नागोरावांनी कान झाकले.

"हे माह्या घरवाल्यानं बनवली, साहेब. अठ्ठेचाळीसमधी. एकच. दुसरी नाई. आता काय कराचं ते करा, पण आधी दोन्ही जवळ ठेवून पाहा."

पाटलांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "म्हणलं होतं ना साहेब!"

"थांबा पाटील," नागोराव म्हणाले. म्हाताऱ्यानं दोन्ही बंदुका शेजारी ठेवल्या. "साहेब, पाहा. याच्या नळ्या पाण्याच्या नळासारख्या, जोड रिव्हेटचा. एक स्क्रू नाई. डोमाजीले आटे पाडता येत नाई, तेवढी बारीक हत्यारंच नाई त्याच्याकडं. खुनातल्या बंदुकीले सहा स्क्रू हायेत, केसासारखे आटे. अन हे पाहा बुडाले." त्यानं माती पुसली. तीन ठिपके, वर रेघ. "ज्या सालात या खुणेपायी फासावर गेला असता, त्या सालातही या येड्यानं खूण ठोकली. या घरातून बिनखुणेचा विळाही जात नाई. तुमी म्हणता बेनाम म्हणजे डोमाजीची. बेनाम हाय, म्हणूनच ते डोमाजीची नाई."

अमीन दोन्ही बंदुका पाहत राहिले.  मग डोमाजीकडे वळले. "कळ खोलता येईल?"

"येईन जी. हात सोडा."

दोर सुटले. डोमाजीनं मनगटं चोळली, बुजलेल्या खाचा छिन्नीच्या टोकानं पुन्हा काढल्या आणि एकेक स्क्रू फिरवला.  पत्रा निघाला. आत, तेलाखाली, एक पाय वर घेतलेला बगळा आणि चार आकडे.

"बगळा छाप!" नागोरावांनी जवळजवळ उडीच मारली. "बेल्जमची बनावट!" रजिस्टरची पानं फडफडली. "जिल्ह्यात तीनच. एक निर्मलला, एक मंचेरियलला. दोन्ही गेल्या महिन्यात ह्या हातानं मोजल्या. तिसरी..." त्यानं चष्मा वर केला. "परवानेदार सुधाकरराव, मुक्काम तांबडी. आकडा हाच. शेरा, दस्ता डाव्या खांद्याचा. सन अठ्ठेचाळीस, डोंगा उलटून नदीत बुडाल्याचा रिपोर्ट."

"बुडालीच होती!" पाटील ओरडले. "कोणाले सापडली असन! वाळूत निघाली असन!"

"आठ वर्सं पाण्यात राह्यली अन गंज नाई लागला? अन सापडली होती त मघाशी हाती घेतल्यावर ओळखली काऊन नाई? महिपतच्या गालाले टोचली, कारण दस्ता डावीकडं वळेल हाय. तुमी उजव्या खांद्याले लावून म्हणे झकास बसते. वाघ मारेल माणसाले एवढं समजत नाई?"

"मी उजव्या हाताचा हाय. साऱ्या गावाले विचारा!"

"जेवाले उजवा, द्याले उजवा. लहानपणी कोणीतरी चटके देऊन सवय मोडली असन, घरोघरी मोडतेतच. पण तंबाखू कोणत्या अंगठ्यानं मळता, पाटील? दुपारपासून तीनदा पाह्यलं म्या."

पाटलांचा डावा हात कमरेच्या डबीवर होता. त्यांनी तो काढून घेतला.

भागाबाईनं खुंटीवरची कानस काढून अमीनच्या हातात ठेवली.  "पोळ्याच्या आधी या कानशीचे दात शाबूत होते. पाटील, तुमच्या बैलाचे शिंगं लोखंडाचे होते काय?"

"पोळ्यापासून," अमीन सावकाश म्हणाले. "म्हणजे दीड महिना आधीच तुम्ही लोहाराचं नाव पक्कं केलं होतं."

महिपतला तेव्हा समजलं. बयनाबाईचं रान पाटीलच वाहत होते, ते हातचं जाऊ नये म्हणून त्यांनीच भाऊ मारला, आणि तोच हात मघाशी त्याच्या पाठीवरून फिरला होता. तो पाटलाच्या अंगावर धावून गेला, शिपायांनी कसाबसा धरला. पाटील पळाले नाहीत. भिंतीला टेकून खाली बसले आणि "पटवारी ऐकत नव्हता, काई केलं तरी ऐकत नव्हता," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. डोमाजीचा दोर त्यांच्या हातांना लागला.

मग अमीन वळले आणि त्यांची नजर जमिनीवरच्या दुसऱ्या दुनाळीवर गेली.  एक फास सुटला, दुसरा तसाच होता.

"नागोराव, ही कुठं लिहिणार?"

म्हाताऱ्यानं ती उचलली, आणि पहिल्यांदाच कान न झाकता. "हे? याले घोडेच नाईत साहेब."

"घोडे म्या पैनगंगेत टाकले," भागाबाई पुटपुटली. "त्याच साली. भेवानं. यायलेही नाई सांगतलं." डोमाजी तिच्याकडे पाहतच राहिला.

"घोडा नाई, बार होत नाई, म्हणजे बंदुक नाई," नागोराव म्हणाले. "आमच्या निर्मलात असे खेळणे लय बनतेत. लाकडाचे असतेत, हे लोखंडाचं हाय, एवढाच फरक. खेळण्याचं रजिस्टर माह्याकडं नाई."

अमीननं ती दुनाळी एकदा न्याहाळली. मग त्यांनी टोपी घातली. "खेळणं वितळवून टाक, लोहारा. आज." आणि ते मोटारीकडे गेले.

संध्याकाळी भट्टी पेटली. भागाबाईनं भाता ओढला, नळ्या लाल झाल्या, मऊ झाल्या, आणि डोमाजीनं त्याच लोखंडाचे विळे काढले. पाच झाले. पहिला त्यानं सांडशीत धरून तिच्यापुढे केला. तिनं हातोडी उचलली. दिवसभर दाबून ठेवलेली भीती आता कुठे हातात उतरली, हात लटलटला आणि घाव सरकला. रेघ ठिपक्यांच्या वर न बसता तिरकी गेली.

"चुकलं. परत मारते," ती म्हणाली आणि तिथंच रडू लागली.

"राहू दे," डोमाजी म्हणाला. "आंधळा त नाई ना." आणि त्यानं दुसरा विळा पुढे धरला.